मागची सीट

गेल्या वर्षी तीन आठवडे माझी झोप उडाली होती. कारण सांगायला आता जरा लाज वाटते. केटीएम ड्यूक २०० घ्यायची की पल्सर एनएस २००, हे ठरत नव्हतं.

तुम्ही कधी गाडी घेतली असेल, निदान फोन तरी घेतला असेल, तर ही अवस्था तुम्हाला माहीत आहे. रात्री साडेअकराला ‘शेवटचा एक’ म्हणून तुलनेचा व्हिडिओ लावायचा आणि दीड वाजता चौथा संपवायचा. मी तर एक्सेल शीट केली होती. सव्वीस ओळी, दोन रकाने, प्रत्येक ओळीला पाचपैकी गुण. मित्रांचे दोन पक्ष पडले होते. एक पक्ष म्हणायचा, ड्यूक न घेता एनएस घेणं म्हणजे आयुष्यभर ‘घेतली असती तर’ म्हणत बसणं. दुसरा म्हणायचा, पन्नास हजार जास्त कशाला, नुसत्या नारंगी रंगाचे?

या दोन गाड्या तशा एकमेकींच्या नात्यातल्या. बजाजनं २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये हिस्सा घेतला. २०१२ च्या जानेवारीत ड्यूक २०० भारतात आली आणि त्याच वर्षी पल्सर २०० एनएस. भारतात विकल्या जाणाऱ्या ड्यूक चाकणला बनतात, आणि मी नोकरीला चाकणलाच जातो. रोज सकाळी कंपनीच्या बसमधून मोशी ओलांडताना गाड्या वाहून नेणारे कंटेनर दिसायचे. आत काय असेल याचा विचार करत मी खिडकीला डोकं टेकवायचो.

दोन्हींचं इंजिन १९९.५ सीसी. दोन्ही लिक्विड-कूल्ड, दोन्हींना सहा गिअर. ड्यूकच्या इंजिनात वर दोन कॅमशाफ्ट, तर एनएसला एकच, पण स्पार्क प्लग तीन. ड्यूकची ताकद २५ पीएस, एनएसची २४.५. ड्यूकची नळ्यांची जाळीदार फ्रेम बाहेरून दिसते. एनएसची जाडजूड आहे, टाकीखालून दोन्ही बाजूंनी कवेत घेतल्यासारखी. टेस्ट राइडला ड्यूक हाताखाली वळवळत होती, सिग्नल सुटायच्या आधीच निघायचं म्हणत होती. एनएस त्या मानानं शहाणी, पण सात हजार आरपीएमच्या पुढे तिचाही सूर बदलायचा. दोन्ही आवडल्या होत्या, आणि पंचाईत तीच होती.

माझे बाबा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथ चालवतात. एका रात्री माझ्या शीटकडे बघत त्यांनी विचारलं, “बोअर किती?”

“बहात्तर.”

“स्ट्रोक?”

“एकोणपन्नास.”

“आणि दुसरीचा?”

“बहात्तर. एकोणपन्नास.”

त्यांनी फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर बहात्तरचा वर्ग केला, ०.७८५४ नं गुणला, मग एकोणपन्नासनं गुणला. १९९.५ सीसी बरोबर आलं. समाधानानं फोन खाली ठेवत म्हणाले, “मग भांडण कशाचं चाललंय?”

तेव्हा मी हसलो. पण प्रश्न रास्त होता. दोन गोष्टी जवळजवळ सारख्या असतील तर निवड सोपी व्हायला हवी. कुठलीही घे, नुकसान नाही. प्रत्यक्षात होतं उलटंच. चांगलं आणि वाईट यांत निवडायला मला कधी तीन आठवडे लागले नव्हते.

हे कोडं जुनं आहे. दोन सारख्याच गवताच्या भाऱ्यांमध्ये बरोबर मधोमध उभं राहिलेलं आणि कुठला खावा हे न ठरल्यानं उपाशी मेलेलं गाढव तुम्ही ऐकलं असेल. ते चौदाव्या शतकातल्या ज्याँ बुरिदाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या नावानं ओळखलं जातं, पण त्याच्या लिखाणात ते सापडत नाही. त्याच्या कितीतरी आधी ॲरिस्टॉटलनं सारखीच भूक आणि सारखीच तहान लागल्यामुळे जागेवरच अडकलेल्या माणसाचा दाखला दिला होता. मग अल-गझालीनं दोन खजुरांचं उदाहरण घेतलं. समोर अगदी सारखे दोन खजूर आहेत, माणसाला खावेसे वाटताहेत, पण एकच घेता येणार आहे. तो एक उचलेलच, गझाली म्हणतो. सारख्या गोष्टींतून एक वेगळी काढणं हेच तर इच्छेचं काम.

मला गझाली पटला. पण माझ्या गाड्या खजुरांसारख्या हुबेहूब नव्हत्या. इथे रूथ चँग ही आजची अमेरिकन तत्त्वज्ञ कामाला आली. ती म्हणते, अवघड निवडीतले दोन पर्याय खरोखर समसमान असतील तर एका बाजूला किंचित काही वाढवताच पारडं झुकायला हवं. मी तपासून पाहिलं. एनएसवाल्यानं दोन हजारांच्या ॲक्सेसरीज फुकट देऊ केल्या. पारडं हललं नाही. म्हणजे त्या समान नव्हत्या, आणि एक दुसरीपेक्षा सरसही नव्हती. चँगच्या मते अशा वेळी बाहेरची कारणं संपलेली असतात. तिथे आपण स्वतः एका पर्यायामागे उभे राहतो, आणि आपण कोण आहोत हे त्या उभं राहण्यातून घडतं.

हे वाचून मला काय आनंद झाला! मी ड्यूकमागे उभा राहिलो. मी तसा माणूस होणार होतो. तत्त्वज्ञानानं माझ्या हट्टावर सहीशिक्का मारला होता.

बुकिंगच्या दिवशी आई सोबत आली. नारळ गाडी मिळाल्यावर फोडायचा असतो, हे ठाऊक असूनही तिनं तो पिशवीत घेतला होता. शोरूममधला मुलगा उत्साही होता. म्हणाला, “काकू, बसून बघा की!”

मी पुढे बसलो. आईनं पदर खोचला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फूटरेस्टवर पाय ठेवायचा प्रयत्न केला. फूटरेस्ट उंच होतं, सीट त्याहून उंच. दुसऱ्या प्रयत्नात ती चढली. बाबांच्या जुन्या स्कूटरवर बसायची तशी एका बाजूला पाय करून बसू लागली, तर सीट अरुंद आणि पुढे उतरती. ती माझ्या पाठीवर घसरली. हसली. शर्ट घट्ट धरून अर्धा मिनिट बसली. मुलगा म्हणाला, “साडी गार्ड बसवूनच येतं, काकू. पण बरेच जण नंतर काढून टाकतात. लूक जातो ना.”

पिलियनचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाला आडोसा हवा, हा १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम आहे. काढून टाकायचं मी आधीच ठरवलं होतं.

आई सावकाश उतरली. गाडीला एक चक्कर मारून म्हणाली, “छान आहे. तू घे.”

मी पैसे भरले नाहीत. उद्या येतो म्हणालो. परतताना बजाजच्या शोरूममध्ये थांबलो आणि आईला एनएसवर बसवून पाहिलं. उतरतानाचा तिचा चेहरा तोच होता, आणि वाक्यही तेच.

आई चिंचवडला एका शाळेत मदतनीस आहे. सकाळी सातला हजर व्हायचं असतं. त्यासाठी एक बस, मग एक शेअर रिक्षा. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना एका पावसाळी सकाळी तिच्याबरोबर स्टॉपवर उभा होतो. छत्री एकच होती. तेव्हा मी तिला म्हणालो होतो, “नोकरी लागू दे. गाडी घेतो आणि रोज तुला शाळेच्या दारात सोडतो.” ती त्या दिवशीही हसली होती.

त्या रात्री मी पुन्हा शीट उघडली. तेव्हा आठवलं, की सव्वीसपैकी नऊ ओळी मी लपवून ठेवल्या होत्या. कारण साधं होतं. त्या ओळींत दोन्ही गाड्यांना सारखेच गुण पडले होते, आणि बरोबरीचा निवडीत काय उपयोग? ओळी उघडल्या. मागच्या सीटचा आराम : दोन, दोन. महिन्याचा हप्ता पगाराला झेपणं : तीन, तीन. पावसात चाळीसमोर उभी करायची सोय : एक, एक. घरच्यांची काळजी : इथे गुणच नव्हते, दोन्हीकडे नुसती रेघ.

तुलना म्हणजे फरक शोधणं. त्यात वाईट काही नाही. पण फरक शोधता शोधता दोघांत जे सारखं आहे ते दिसेनासं होतं. मी अर्ध्या पीएसवर तीन रात्री जागलो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती, या आकड्यावर मी एक मिनिटही जागलो नव्हतो. तो दोन्ही रकान्यांत सारखाच होता ना. आईला दिलेला शब्दसुद्धा दोन्ही रकान्यांत सारखाच मोडत होता. म्हणून तो मोडतोय हे मला दिसलंच नाही.

गाढवाची गोष्ट मला तेव्हा वेगळी वाटली. ते बिचारं दोन भाऱ्यांकडे आळीपाळीनं बघत राहतं. मान वळवून आपल्या पाठीवर काय लादलंय, ते कोणाचं आहे, हे बघत नाही. गोष्ट सांगणाऱ्यांनीही त्याला ते विचारलेलं नाही.

“पण आई स्वतःच ‘तू घे’ म्हणाली ना?” मित्रानं विचारलं. खरं आहे. मग प्रश्न मिटायला हवा होता. पण शब्द देणं आणि तो परत घेणं यांत एक फरक आहे. समोरच्यानं आपल्याला मोकळं करणं वेगळं, आणि त्याला मोकळं करावं लागेल अशी वेळ आपण आणणं वेगळं. आयांची ‘तू घे’ फार स्वस्तात मिळते. ती मिळते म्हणून आपण तिची किंमत विचारत नाही. मला गाडीची इच्छा होती, यात गुन्हा नव्हता. चोवीसाव्या वर्षी वेग आवडतो, त्याला कारण लागत नाही. चूक इतकीच होती, की शब्द मागे घेतोय हे मी तिला तोंडानं सांगितलं नव्हतं. मी तिला सीटवर बसवून ते तिच्याकडून वदवून घेतलं होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी जेवताना सांगून टाकलं. “आई, मी तुला सोडेन म्हणालो होतो. या गाड्यांवर ते जमणार नाही. मी साधी, आडवी सीट असलेली गाडी बघतो.” बोलताना घसा थोडा दाटला होता. त्यागाचा म्हणून जो काही अभिमान असतो तोही वाटत होता, खोटं कशाला सांगू.

आईनं भाकरी उलटली. “माझी शाळा सातला. तुझी कंपनीची बस पावणेसातला. तू मला सोडणार कधी?”

मी गप्प.

“आणि मला नाही कोणाच्या मागे बसायचं आता. तीस वर्षं बसले. मला गाडी शिकव.”

बाबांचा घास हातातच राहिला. माझ्या शीटमध्ये सव्वीस ओळी होत्या, नंतर मी मोठ्या मनानं लपवलेल्या नऊ उघडल्या होत्या. पण आई मागच्या सीटवर बसणार, हे मी गृहीतच धरलं होतं. ती ओळ मी लपवलीही नव्हती. ती लिहायची असते हेच मला कधी सुचलं नव्हतं. गाड्यांच्या निवडीत ते गृहीत होतं, शब्दात होतं, आणि पश्चात्तापातही होतंच. माझ्या चांगुलपणाच्या चित्रातही हँडल माझ्याच हातात होतं.

मी एनएस घेतली. फरकाच्या पैशांत ओळखीच्या मेकॅनिककडून आईसाठी सहा वर्षं जुनी स्कूटर घेतली. लर्निंग लायसन्सच्या परीक्षेला तिनं खिडकीशी बसून चिन्हं पाठ केली. पहिल्या महिन्यात ती एकदा पडली, कोपर सोलवटलं आणि मला दोन दिवस वाटत राहिलं की हे मीच ओढवून घेतलंय. तेव्हा कळलं, माझ्या शीटमधली ती कोरी रेघ कशाची होती. आता साडेसहाला ती निघते तेव्हा ‘पोचल्यावर फोन कर’ हे मी म्हणतो.

हे सगळं छान जुळलं असं सांगून मला थांबता येणार नाही. सिग्नलला शेजारी ड्यूक येऊन थांबली की अजून पोटात काहीतरी हलतं. मित्र म्हणाले होते ते ‘घेतली असती तर’ मला भेटतं, महिन्यातून दोनदा तरी. पगार थोडा जास्त असता तर मी ड्यूकही घेतली असती आणि स्कूटरही, आणि कदाचित यातलं काहीच मला कळलं नसतं. म्हणजे मी शहाणा झालो याचं बरंचसं श्रेय पन्नास हजारांना जातं.

आता मी काहीही निवडताना एक सवय लावून घेतोय. दोन फोन असोत, दोन नोकऱ्या असोत, बायोडेटामधली दोन स्थळं असोत. फरकांची यादी झाली की तिच्याखाली एक रेघ मारून दोन्हींत सारखं काय आहे ते लिहायचं. ती यादी बहुतेक वेळा जास्त लांब निघते. मग ती घरातल्या कोणाला तरी वाचून दाखवायची, कारण एक ओळ माझ्याकडून हमखास राहिलेली असते.

साडी गार्ड मी काढलेलं नाही. आई अधूनमधून रविवारी बसते, आळंदीपर्यंत. खांद्याला धरून, आणि सतत सांगत, “हळू घे, पुढे खड्डा आहे, मला माहितीय, मी रोज जाते.”