रुमालाचा सातबारा

आमच्या यवतमाळच्या वस्तीतल्या बागेत कडुलिंबाखाली एक बाक आहे. संध्याकाळी सहकुटुंब फेऱ्या मारण्याआधी मी त्यावर रुमाल टाकतो. जन्मभर एस.टी.नं फिरलेल्या माणसाला रुमाल म्हणजे सातबाराच! परवा परतलो, तर रुमालाची नीट घडी घालून एक थकलेले गृहस्थ तिथं बसलेले. मी हक्कानं खाकरलो.

नातवाला नुकतीच टिपेश्वरच्या ‘वॉकर’ वाघाची गोष्ट कळली होती. २०१९ साली गळ्यातल्या रेडिओ कॉलरसकट, शेतं-रस्ते ओलांडत, १३०० किलोमीटरच्या वर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नातू म्हणाला, “आबा, जागा धरायला त्याच्याजवळ रुमाल नव्हता का?”

वाघही खुणा करून हद्द राखतो, असं मी सांगणार होतो. पण तो निदान त्या हद्दीत राहतो. मी रुमाल ठेवून फिरायला जातो! न वापरता अडवलेली जागा आपली कशी?

ते गृहस्थ सरकून म्हणाले, “बसा न भाऊ, लय जागा हाये.”

बसलो. घडीच्या रुमालानं घाम पुसला. रुमाल त्यासाठी असतो, हे साठीनंतर कळलं.