चौकोनी जमीन आणि सदसद्विवेक

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागाचा नकाशा एखाद्या शाळकरी मुलानें पट्टी घेऊन आंखला असावा असें वाटतें. १७८५ सालच्या कायद्यानें तेथील सरकारी जमिनीचे सहा मैल लांब व सहा मैल रुंद असे चौकोन पाडावयाचें ठरलें. प्रत्येक चौकोनास ‘टाउनशिप’ हें नांव. त्याचे छत्तीस भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा, आणि सोळावा भाग शाळेसाठीं राखलेला. शाळेची ही आठवण कौतुकास्पद खरी. परंतु मोजणीची साखळी जमिनीवर पडे ती बहुधा आधीं तेथें नांदणाऱ्यांना करारानें दूर सारल्यानंतरच.

आयोवा संस्थानाच्या सीडर परगण्यांतील स्प्रिंगडेल ही अशीच एक टाउनशिप. मक्याचीं शेतें आणि विखुरलेलीं घरें. प्रवाशानें मुद्दाम थांबावें असें तेथें फारसें कांहीं नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्वेकर पंथाचे लोक येथें येऊन वसले. शस्त्र धरावयाचें नाहीं आणि गुलामगिरीस साह्य करावयाचें नाहीं, हीं त्यांचीं दोन व्रतें. निवांत काळीं तीं एका घरांत सुखानें नांदतात. १८५७ च्या डिसेंबरांत जॉन ब्राउनचे सोबती तेथें आले आणि त्या दोहोंत तंटा उभा राहिला.

हे लोक विल्यम मॅक्सन नांवाच्या शेतकऱ्याच्या घरीं उतरले. मॅक्सन क्वेकर नव्हता. ही सोय पंथाला मानवणारीच होती, असें कोणी खोंचकपणें म्हणेल. हिंवाळाभर त्यांनीं लांकडी तलवारींनीं कवाईत केली आणि संध्याकाळीं गांवकऱ्यांशीं वादविवाद केले. गांवानें त्यांना प्रेम दिलें, त्यांच्या शस्त्रांना संमति दिली नाहीं. १८५९ च्या ऑक्टोबरांत ब्राउननें हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर हल्ला केला, तेव्हां त्याच्या टोळींत स्प्रिंगडेलचे कॉपक बंधु होते. बार्कले निसटला, एडविन १६ डिसेंबर रोजीं फांसावर चढला.

अन्न वाढणाऱ्या हातास तलवारीचा दोष लागतो काय? थोडा लागतो, असें मला वाटतें. आणि तो पत्करण्यांतच त्या लोकांचा मोठेपणा आहे. दार लावून घेतलें असतें तर व्रत निष्कलंक राहिलें असतें, पण त्याची किंमत बेड्यांतल्या माणसांनीं दिली असती.

मला अधिक बोंचतें तें निराळेंच. दाराशीं आलेल्याचें दुःख ज्यांना इतकें दिसलें, त्यांना घराच्या जोत्याखालचें कितपत दिसलें? ही भूमि सॉक व मेस्क्वाकी लोकांची. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धांत पराभव झाल्यावर, त्या सालच्या आणि १८३७ च्या करारांनीं पूर्व आयोवा त्यांच्या हातून गेला. क्वेकरांनीं तलवार उपसली नाहीं हें खरें. दुसऱ्यांनीं उपसून म्यान केल्यावर तीं शेतें विकत मिळालीं. आपल्यापैकीं कितीकांच्या सात-बाराच्या उताऱ्यामागें असेंच कांहीं दडलेलें असेल, तें न विचारलेलें बरें! भूक बोलते, माती बोलत नाहीं, म्हणून सदसद्विवेकाचे कान मातीकडे सहसा वळत नाहींत.

योगायोग असा कीं, त्याच १८५७ सालीं, जुलै महिन्यांत, आयोवाच्याच टामा परगण्यांत मेस्क्वाकी लोकांनीं १,००० डॉलर मोजून ८० एकर जमीन विकत घेतली. छत्तिसांपैकीं एका भागाचा आठवा हिस्सा, आणि तोही आपल्याच जुन्या भूमींतला. पुढें ते तुकड्यातुकड्यानें घेत राहिले. आज त्यांच्याकडे ८,००० एकरांहून अधिक जमीन आहे.