प्रारब्ध कुणी म्हणायचं?



हा लेख लिहायचा की नाही, यावर आमच्यात दोन गुरुवार चर्चा झाली. शेवटी ठरलं की स्वतःची चूक झाकून सत्संग होत नाही, तेव्हा लिहायचं. सावकाश वाचा, घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.

१२ जून २०२५, तोही गुरुवारच होता. दुपारी अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उडाल्यावर अर्ध्या मिनिटातच मेघाणीनगरात बी. जे. मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले, एकच वाचला. खाली जमिनीवर १९ जण गेले. एकूण २६०. बडोद्यातल्या घरांतलीही माणसं त्यात होती. त्या संध्याकाळी आरतीला आवाजच फुटत नव्हता.

पुढे काही महिन्यांनी बातम्या येऊ लागल्या, की काही कुटुंबांनी अमेरिकेत बोइंग आणि हनीवेल या कंपन्यांवर दावा लावला, कुणी सुप्रीम कोर्टात गेलं. सत्संगानंतर चहा घेताना आमच्यातले एक काका म्हणाले, "कोटी रुपये मिळाले तरी गेलेलं माणूस परत येतं का? प्रारब्ध होतं, सोडून द्यावं. कोर्टकचेरीत मन:शांती जाते ती वेगळीच." बहुतेकांनी माना डोलावल्या. आम्हीही.

तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एक काकू बोलल्या. एरवी त्या फारसं बोलत नाहीत. म्हणाल्या, "विमानातल्यांचं प्रारब्ध, माझ्या मुलाचं पण प्रारब्धच. मग चूक कधी कुणाची नसतेच का हो?"

कुणालाच उत्तर देता आलं नाही. कारण त्या मुलाची गोष्ट आम्हाला ठाऊक होती.

नऊ वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा इथेच जीआयडीसीत, सात-आठ कामगारांच्या एका शेडमध्ये पॉवर प्रेसवर काम करताना गेला. माल पटापट निघावा म्हणून प्रेसचा गार्ड काढून ठेवलेला होता. शेडमधल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. तेराव्यानंतर शेठ कागद घेऊन काकूंच्या घरी गेले, आणि सोबत आपल्या मंडळातले आम्ही चौघे गेलो. कागदावर एक रक्कम होती, "पुढे कोणतीही मागणी राहणार नाही" असं होतं, आणि अपघात "कामगाराच्या निष्काळजीपणामुळे" झाला असंही होतं. आम्ही काकूंना समजावलं, "ताई, त्याची वेळ आली होती. शेठ भला माणूस आहे. सही करून मोकळ्या व्हा." साक्षीदार म्हणून खाली आमच्या सह्या आहेत.

ते शेठ दरवर्षी आपल्या भंडाऱ्याला तूप देतात. त्या दिवशी प्रारब्ध हा शब्द उच्चारताना तो तुपाचा डबा आमच्या मनात अजिबात नव्हता, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

काकूंच्या प्रश्नानंतर आम्ही विमानाचं प्रकरण नीट समजून घ्यायला बसलो. मंडळातल्या एका वकील भगिनीची मदत झाली. लक्षात आलं, की अपघातानंतर तीन वेगवेगळे प्रश्न उभे राहतात आणि आपण त्यांची खिचडी करतो.

पहिला प्रश्न, हे कशामुळे झालं? याचा शोध विमान अपघात तपास विभाग घेतो. पुन्हा असं होऊ नये, एवढाच त्या तपासाचा हेतू. दोषी ठरवणं हे त्याचं कामच नाही, नियमातच तसं आहे. या विभागाचा प्राथमिक अहवाल १२ जुलै २०२५ ला आला. दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे स्विच उड्डाणानंतर एका पाठोपाठ एक बंद स्थितीत गेले, एका वैमानिकाने "बंद का केलंस?" अशा अर्थाचं विचारलं आणि दुसऱ्याने "मी नाही केलं" असं सांगितलं, एवढं त्यात होतं. कोण कुणाला बोललं तेही त्यात नव्हतं. पण थोड्याच दिवसांत अनेकांनी कॅप्टनवर ठपका ठेवून टाकला. आपल्या ग्रुपवरही ते फॉरवर्ड आले होते. आम्हीही पुढे पाठवले, हे कबूल करतो.

दुसरा प्रश्न, मागे राहिलेल्यांना देणं काय लागतं? आंतरराष्ट्रीय विमानप्रवासासाठी १९९९ चा मॉन्ट्रियल करार आहे, भारतही त्यात आहे. प्रवासी दगावला तर एका ठरलेल्या रकमेपर्यंत, म्हणजे आजच्या हिशोबाने दीड कोटी रुपयांच्या वर, विमान कंपनी देणं लागते. तिथपर्यंत "आमची चूक नव्हती" म्हणून तिला हात झटकता येत नाहीत. त्याहून जास्त मागितलं, तर आपला निष्काळजीपणा नव्हता हे कंपनीने सिद्ध करायचं. दावा दोन वर्षांच्या आत लावावा लागतो. सुरुवातीला तातडीची मदत दिली म्हणजे कंपनीने चूक कबूल केली असं होत नाही. म्हणजे ही भरपाई भीकही नाही आणि माणसाची किंमतही नाही. ते देणं आहे. देणेकऱ्याकडे आपलं देणं मागायला गेलेल्याला आपण लोभी म्हणतो का?

तिसरा प्रश्न, दोष कुणाचा? हे कोर्टाने पुरावे पाहून ठरवायचं. आणि इथेच प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. लहान चार्टर विमानांच्या बाबतीत तर फारच. तिथे मालक एक, चालवणारा दुसरा, दुरुस्ती करणारा तिसरा, भाड्याने घेणारा चौथा असू शकतो. २८ जून २०१८ ला मुंबईत घाटकोपरला एका चार्टर कंपनीचं छोटं विमान पडलं. दुरुस्तीनंतर चाचणीसाठी ते जुहूहून उडालं होतं. विमानातले चौघे गेले, आणि खाली रस्त्याने जाणारा एक माणूसही गेला. त्याने ना तिकीट काढलं होतं, ना कसला करार केला होता. त्याच्या घरच्यांनी कुणाचं दार ठोठवायचं? सगळे जबाबदार असले की कुणीच जबाबदार नसतो, हे आपल्या जीआयडीसीत आपण रोज बघतो. शेठ म्हणतात फोरमनला विचारा, फोरमन म्हणतो कंत्राटदाराला विचारा, कंत्राटदार म्हणतो पोराने लक्ष द्यायला नको? आणि गेलेला तर बोलू शकत नाही. म्हणून दोष शेवटी त्याच्याच गळ्यात पडतो.

अहमदाबादच्या विमानाचे कॅप्टन सुमीत सभरवाल यांचे वडील ९१ वर्षांचे. त्या वयात ते सुप्रीम कोर्टात गेले. पैशासाठी नाही. तपास स्वतंत्रपणे व्हावा आणि मुलाच्या नावावर न सिद्ध झालेला ठपका राहू नये, एवढंच मागणं. ७ नोव्हेंबर २०२५ ला कोर्टाने सरकारला नोटीस काढली आणि त्या वृद्ध बापाला सांगितलं, की तुमच्या मुलाला दोष देता येणार नाही, हे ओझं मनावर बाळगू नका. ही बातमी वाचताना आम्हाला आमच्या सहीचा तो कागद आठवला.

आता मूळ प्रश्न. आपण शरणागती मानणारी माणसं. मग दावा लावणं ही शरणागतीत कसर आहे का?

महाभारतातल्या मांडव्य ऋषींची कथा बघा. चोरी त्यांनी केली नव्हती, तरी राजाने त्यांना सुळावर चढवलं. त्यांनी यातना सोसल्या. राजाला चूक कळली, त्याने पाय धरले, तेव्हा ऋषींनी त्याला क्षमा केली. आपण कथा इथेच थांबवतो. पण ऋषी थांबले नाहीत. ते थेट यमधर्माच्या दारात गेले आणि विचारलं, हे मला कोणत्या कर्माचं फळ? लहानपणी किड्यांना काडी टोचली होतीस, असं उत्तर मिळालं. ऋषी म्हणाले, अजाण पोराच्या एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा हा न्याय नव्हे. त्यांनी धर्मालाच मनुष्यजन्माचा शाप दिला, तोच विदुर. आणि चौदा वर्षांच्या आतल्या मुलाच्या कृत्याला पाप धरायचं नाही, असा नियम घालून दिला. म्हणजे मनात क्षमा ठेवूनही हिशोब मागता येतो, साक्षात धर्माकडेही मागता येतो. आणि त्या हिशोबातून मागून येणाऱ्यांसाठी नियम सुधारतो.

प्रारब्ध हा शब्द खोटा नाही. पण तो औषधासारखा आहे, ज्याचं दुखतं त्याने आपल्या हाताने घ्यायचा. ज्या आईचं मूल गेलं ती रात्री देवापुढे बसून प्रारब्ध म्हणाली, तर ती भक्ती आहे. ज्याने गार्ड काढला तो प्रारब्ध म्हणाला, तर ती पळवाट आहे. आणि आपल्यासारखे मधले लोक दुसऱ्याच्या दुःखावर प्रारब्ध म्हणाले, तर आपण त्या पळवाटेचं दार उघडून धरलेलं असतं. आम्ही तेच केलं.

कोर्टाची वाट सोपी आहे असं आम्ही म्हणत नाही. २२ मे २०१० ला मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान दरीत कोसळून १५८ जण गेले. त्यातल्या एका कुटुंबाला सुप्रीम कोर्टाने ७ कोटी ६४ लाख रुपये आणि वर व्याज मंजूर केलं, ते २०२० साली. दहा वर्षं. गेलेल्या माणसाच्या पगारातला कोणता भत्ता धरायचा आणि कोणता नाही, यावरसुद्धा वाद घालावा लागला. मन थकतं, हे खरंच. म्हणून कुणी दावा न लावता शांत बसलं, तर तोही त्यांचा अधिकार. पण तो निर्णय त्यांचा हवा, आपल्या दबावाचा नको.

आमच्या बाबतीत सांगायचं, तर काकूंच्या घरी जाऊन आम्ही चौघांनी माफी मागितली. वकील भगिनीने सांगितलं, की त्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या कामगार भरपाईच्या कायद्यात मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते. परस्पर घरी नेऊन दिलेली रक्कम भरपाई धरली जात नाही, आणि हक्क सोडल्याचा करारही चालत नाही. कामगार गेला असेल, तर त्याच्या निष्काळजीपणाचं कारण सांगूनही मालकाला सुटता येत नाही. म्हणजे आम्ही ज्याच्यावर साक्ष दिली, त्या कागदाला मुळात अर्थच नव्हता. अर्जाची दोन वर्षांची मुदत केव्हाच उलटली. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, होईलच असं नाही.

काकू म्हणाल्या, "पैसे मिळोत न मिळोत. त्या कागदावर त्याची चूक लिहिली आहे ना, ती खोडा."

अर्ज तयार होतो आहे. गार्ड काढलेला होता, हे आम्हाला माहीत होतं असं आम्ही चौघेही लेखी देणार आहोत. यंदा भंडाऱ्याचं तूप मंडळ स्वतः विकत आणेल. शेठजींनाही आम्ही हे समोर बसून सांगितलं आहे, त्यांच्याविषयी मनात राग न ठेवता.

या आठवड्याची सेवा एवढीच. आपल्यातल्या पुष्कळांच्या स्वतःच्या शेड आहेत, पुष्कळजण फोरमन आहेत. उद्या कामावर गेलात की आधी गार्ड जागेवर आहे ना, ते बघा, मग मशीन चालू करा. आणि तुमच्या घरात, नात्यात कुणाला असंच प्रारब्ध म्हणून गप्प बसवलं असेल, तर त्यांच्याकडे जाऊन या. काही बोलायचं सुचलं नाही, तर नुसतं ऐकून या.

जय गुरुदेव.
— मकरपुरा सत्संग मंडळ, बडोदा