सोसणारं मूळ

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत वेलीच्या बुंध्याशी वाकून पाहिलं, तर जमिनीपासून थोड्या उंचीवर बहुधा एक गाठ दिसते. गाठीच्या वर थॉमसन सीडलेस किंवा तसलाच एखादा गोड वाण. गाठीच्या खाली बऱ्याचदा डॉगरिज, म्हणजे मूळची टेक्ससमधली रानवेल. या खालच्या भागाला खुंट म्हणतात. जमिनीतलं सगळं तो सोसतो, पण त्याला स्वतःचा फुटवा आला की लगेच काढून टाकतात.

पूर्वी आपल्याकडे काडीच लावायचे आणि तिलाच मुळं फुटायची. मग पाणी कमी पडू लागलं, बोअरचं पाणी खारं येऊ लागलं, तेव्हा तगून राहणारं मूळ शोधावं लागलं. युरोपात कारण वेगळं होतं. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्झेरा या किडीने फ्रान्समधल्या वेलींची मुळं खाल्ली. इलाजही अमेरिकेतल्याच वेलींच्या मुळांत सापडला.

‘सगळ्यात चांगला खुंट कोणता?’ हा प्रश्न ‘सगळ्यात चांगला डेटाबेस कोणता?’ यासारखाच आहे. उत्तर देणारा आधी तुमची जमीन विचारेल. डॉगरिजला जोर फार. हलक्या जमिनीत, पाण्याच्या ओढीत तो जोर वेलीला तारतो. पण काळ्या कसदार जमिनीत, भरपूर पाण्यावर तोच जोर पानाशेंड्यात जातो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत पुढच्या हंगामाचे घड तयार व्हायचे असतात, तेव्हा वेल नुसती वाढत राहते. अशा ठिकाणी ११० आर सारखा मध्यम जोराचा खुंट बरा पडतो.

म्हणजे सोसण्याची ताकद हा कुठेही, कधीही गुणच असतो असं नाही. आपण मात्र तो माणसाचा सर्वोच्च गुण करून टाकलाय. मुलाखतीत विचारतात, ‘प्रेशर हँडल करता येईल ना?’ लग्न ठरवताना ‘मुलगी सांभाळून घेणारी आहे’ हे कौतुकाने सांगतात.

यातला खरा धोका वेगळाच आहे. खुंट सोसतोय म्हटल्यावर पाण्याकडे बघायची घाई उरत नाही. मीठ मात्र कुठे जात नाही, ते मातीत साठत राहतं. मी काम केलेल्या एका टीममध्ये रात्रीचे अलर्ट नेहमी एकाच मुलीकडे जायचे, कारण ती न कुरकुरता उठायची. तिने नोकरी सोडली आणि दोन आठवड्यांत तो बग दुरुस्त झाला. तो आधीही दुरुस्त होण्यासारखाच होता. ती उठत होती, म्हणून कुणाला गरज वाटली नव्हती.

यावर कुणी म्हणेल, शेतकऱ्याने काय पाणी गोड व्हायची वाट बघत बसायचं? बँकेचा हप्ता थांबत नाही. बरोबर आहे. चिवट खुंट लावणं शहाणपणाचंच आहे. पण तो लावला म्हणून माती-पाण्याची तपासणी, शेणखत, निचरा यातलं काहीच माफ होत नाही. शहाणा बागायतदार दोन्ही करतो.

ऑफिसात आणि घरात आपण बहुतेकदा पहिलंच करतो. चिवट माणूस शोधतो आणि खाऱ्या पाण्याचं काम संपलं असं धरून चालतो. खुंटाला निदान विचारायची सोय नाही. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला विचारता येतं.