कॅसाव्हेटिसने काय कमावलं?

१९६८ साली 'रोझमेरीज बेबी'मध्ये जॉन कॅसाव्हेटिसने एक महत्त्वाकांक्षी नट रंगवला. चांगल्या भूमिका मिळाव्यात म्हणून हा नट स्वतःच्या बायकोला सैतानाच्या उपासकांच्या हवाली करतो. त्याच वर्षी कॅसाव्हेटिसने दिग्दर्शित केलेला 'फेसेस' झळकला. त्याचा खर्च त्याने हॉलिवूडमध्ये नट म्हणून मिळवलेल्या पैशांतून भागवला होता. योगायोग बोचरा खरा, पण खऱ्या आयुष्यातल्या या नटाने पैशाच्या बदल्यात दिला तो फक्त आपला चेहरा.

मोठ्या निर्मात्याकडे दिग्दर्शन केलं की काय होतं, हे तो आधीच अनुभवून बसला होता. 'अ चाइल्ड इज वेटिंग'चं (१९६३) संकलन निर्माता स्टॅन्ली क्रेमरने आपल्या मर्जीने करून घेतलं, दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि कॅसाव्हेटिसने तो चित्रपट आपला मानायचं सोडून दिलं. पुढचा 'फेसेस' त्याने सोळा मिलिमीटरवर, स्वतःच्या आणि सासूबाईंच्या घरात चित्रित केला. शूटिंग सहा महिने चाललं. संकलन गॅरेजमध्ये, तेही जवळजवळ तीन वर्षं. इतकी सवड कुठलाही स्टुडिओ देत नाही. नटाच्या मानधनातून त्याने विकत घेतला तो हा वेळ, असं मला वाटतं.

तो वेळ पडद्यावर दिसतो. 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स'मध्ये (१९७४) रात्रपाळी संपवून निक आपल्या कामगारांना घरी घेऊन येतो आणि त्याची बायको मेबल भल्या सकाळी सगळ्यांसाठी स्पॅगेटी रांधते. टेबलाभोवती बुजलेली, अवघडलेली माणसं. एक जण व्हर्दीच्या ऑपेरातलं गाणं म्हणू लागतो. मेबल त्याच्या अगदी जवळ जाऊन त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहते. मग ती दुसऱ्याला नाचायचा आग्रह करते, तो संकोचतो, ती हट्ट सोडत नाही, आणि निक एकदम खेकसतो. कथानक इथे तसूभरही पुढे सरकत नाही. एखाद्या घाईतल्या संकलकाने हा प्रसंग दीड मिनिटात उरकला असता, आणि मेबल नुसती 'वेडी' ठरली असती. इथे मात्र तिचा उमाळा आणि नवऱ्याला वाटणारी लाज, दोन्ही आपल्याला सोसावी लागतात.

हे सगळं नटांनी ऐनवेळी सुचेल तसं केलं, ही दंतकथा मात्र आता पुरे. तिला त्यानेच खतपाणी घातलं: त्याने दिग्दर्शित केलेला 'शॅडोज' संपताना हा चित्रपट उत्स्फूर्त असल्याची पाटी येते. प्रत्यक्षात १९५८ साली दाखवलेली पहिली आवृत्ती त्याला पटली नाही, म्हणून त्याने पुष्कळ भाग लिहून काढून पुन्हा चित्रित केला. मेबलची कथाही मुळात नाटक म्हणून लिहिलेली. ही भूमिका रोज रात्री रंगमंचावर करणं झेपणार नाही, असं जीना रोलंड्सने सांगितलं, म्हणून तिचा चित्रपट झाला.

जीना त्याची बायको. त्याची आई, सासू, मित्र, सगळेच या चित्रपटांत राबले. घर गहाण पडलं, निक साकारणाऱ्या पीटर फॉकने पदरचे पैसे घातले, आणि वितरक मिळेना तेव्हा मंडळींनी स्वतःच थिएटरांना फोन लावले. म्हणजे या स्वातंत्र्याचं बिल एकट्याने भरलेलं नव्हतं. 'एकांडा शिलेदार' म्हणून त्याचे गोडवे गाणारे हे सोयीस्करपणे विसरतात. शिवाय प्रत्येक वेळी डाव साधलाच असंही नाही. 'द किलिंग ऑफ अ चायनीज बुकी' १९७६ मध्ये आपटला आणि १९७८ मध्ये त्याने तो कापून लहान केला. 'ओपनिंग नाइट'ला तर अमेरिकेत धड वितरणच मिळालं नाही.

१९८९ मध्ये वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी तो गेला. आज अमेरिकेत त्याच्या नावाचा पुरस्कार ठरावीक रकमेच्या आत बनलेल्या चित्रपटाला देतात. हा निकष चुकीचा आहे. पैशांची टंचाई ही त्याची अडचण होती, मोठेपण नव्हे. त्याच्या नावाने मोजायचंच असेल, तर दिग्दर्शकाने आपल्या नटांना किती दिवस दिले ते मोजावं.