उणे दीडशे

दिवाळीपूर्वी माळा झाडावा लागतो, आणि माळा झाडताना जुन्या पितळी भांड्यांबरोबर मनुष्याला आपले जुने अपराधही सापडतात. यंदा मला माझा एक सापडला.

आमचे घर पनवेलचे, वडाळे तलावापासून हाकेच्या अंतरावर. इथला चार महिन्यांचा पाऊस भिंतीत मुरतो, तसा यंत्रांतही मुरतो. माळ्यावरच्या खोलीत माझा एक जुना ऑसिलोस्कोप आहे. विजेची धडधड हिरव्या रेघेने काचेवर लिहून दाखवणारे हे यंत्र. डॉक्टर हृदयाचा आलेख काढतात, त्या यंत्राचे हे थोरले भावंड समजा. वय साठीचे, वजन तीस किलोच्या घरात, आणि पोटात व्हॉल्व्हची दाटी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मी ते हौसेने आणले, तेव्हा घरच्यांनी केलेली चेष्टा अजून माझ्या कानांत आहे.

सुटीत पुतण्या आला होता. पॉलिटेक्निकमध्ये शिकतो. त्याने मला न विचारता यंत्र सुरू केले. रेघ उमटली, पण अंधुक, एका बाजूला सरकलेली. मोजमापही चुकू लागले. मी जिन्यातूनच ओरडलो, "मोडलेस ना शेवटी!" तो काही बोलला नाही. मुले बोलत नाहीत, तेव्हा आपण समजतो की त्यांना चूक पटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे दुरुस्तीला बसलो. अशा यंत्रात हात घालताना एक हात पाठीशी ठेवावा लागतो, कारण वीज बंद केल्यावरही कंडेन्सर बराच वेळ दात धरून असतात. एवढे मी त्याला बजावले, आणि आकडे टिपायला सांगितले. यंत्राच्या वीजपुरवठ्यात पाच दाब असतात: अधिक १००, २२५, ३५०, ५०० आणि उणे १५० व्होल्ट. त्याने पहिले चार मोजले. आले ९२, २०७, ३२२ आणि ४६०. चारही चूक! मी म्हणालो, "चारही ठिकाणचे व्हॉल्व्ह गेले. खर्च आला."

पुतण्या कागदाकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "काका, चौघे बिघडले असते, तर चौघांची चूक निरनिराळी आली असती. इथे प्रत्येकात शेकडा आठच कमी आहेत. एकाच प्रमाणात चौघे कसे चुकतील?"

मी गप्प झालो, कारण उत्तर मला ठाऊक असायला हवे होते. अमेरिकेत १९४६ मध्ये निघालेल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या व्हॉल्व्हच्या काळातल्या यंत्रांत आणि त्या धाटणीच्या इतर यंत्रांतही उणे १५० हा दाब घरातल्या कर्त्या माणसासारखा असतो. बाकीचे चौघे त्याच्याकडे पाहून आपले माप ठरवतात. त्याचे माप मोजले. भरले १३८. म्हणजे तिथेही शेकडा आठच कमी. बिचारे चौघे बिघडलेलेच नव्हते. ते प्रामाणिक होते, आणि प्रामाणिक होते म्हणूनच चुकले होते.

उणे १५० जुळवण्यासाठी एक लहान स्क्रू असतो. मी पेचकस लावला. स्क्रू हलेना. तो आधीच शेवटच्या टोकापर्यंत फिरवलेला होता. आणि मग मला आठवले. काही वर्षांपूर्वी हाच दाब चार-पाच व्होल्टांनी खाली आला होता. तो का उतरला, हे शोधण्याचा कंटाळा केला आणि स्क्रू फिरवून काटा दीडशेवर आणला. काटा दीडशेवर आला की मनाचे समाधान होते. आत एक रेझिस्टर म्हातारा होत चालला होता, तो तसाच होत राहिला. मोडणारा पुतण्या नव्हता, मी होतो.

आता प्रश्न असा, की चुकीच्या मापाशी इमान राखणाऱ्याला दोष द्यावा का? तारेला देता येणार नाही. तारेला विचारता येत नाही. मनुष्याला विचारता येते, म्हणून त्याची सुटका इतकी सोपी नाही. पण जो विचारणार, त्याला विचारू देणारा कर्ता घरात हवा. जिन्यातून ओरडून मी नेमके तेच दार लावून घेतले होते.

दुसरा प्रश्न याहून अवघड. मापालाच मापायचे कशाने? उणे १५० हा यंत्रातल्या एका वायुभरल्या नळीच्या सुमारे ८५ व्होल्टांशी स्वतःला ताडून पाहतो. ती नळी मी माझ्या मीटरने तपासली. पण मीटर कुणी तपासावा? अशाने शेवट लागेना.

याचे एक उत्तर आमच्या शेजारीच आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्य ठाणे आज नवीन पनवेलला आहे. तिची परंपरा जाते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेकडे. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले, आणि तिथल्या सुया त्या विजेने विचलित होणार हे उघड झाले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत अलिबागेस नवी वेधशाळा उभी राहिली. तीही चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडाची. पण १९०४ साली अलिबाग सुरू झाले म्हणून कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. जुन्याने नव्याला पाहिले, नव्याने जुन्याला. म्हणून साठ वर्षांची जुनी वही नव्या वहीला जोडली गेली. विजेची ट्राम धावली ती पुढे, १९०७ साली.

मापाला स्वतःची ग्वाही स्वतः देता येत नाही. त्याच्या शेजारी दुसरे माप ठेवावे लागते, आणि काही काळ दोघांनी बरोबर चालावे लागते. घरातही याहून वेगळे काय आहे? वयाने आपण मोठे होतो, माप होतो; आणि नेमक्या त्याच वेळी आपल्याला ताडून पाहणारे कुणी उरत नाही. उरते ते एखादे तरुण पोर, हातात कागद घेऊन बसलेले.

रेझिस्टरचे एक टोक सोडवून मोजले. अंगावर लिहिल्यापेक्षा त्याचा रोध बराच वाढला होता. नवा बसवला. चिनीमातीच्या पट्टीवर डाग द्यायला चांदी मिसळलेला झाळ लागतो. त्याची छोटी गुंडी बनवणाऱ्यांनी यंत्राच्या आतच ठेवली होती. पुढे कुणीतरी उघडून दुरुस्त करील, हे त्यांनी आधीच मान्य केले होते! स्क्रू मधोमध आणला, काटा १५० वर स्थिरावला. बाकीच्या चौघांना आम्ही हातही लावला नाही. ते आपोआप जागेवर आले.

संध्याकाळी पुतण्या गॅलरीत आकाशकंदील टांगत होता. मी स्टूल धरले आणि म्हणालो, "चूक माझी होती रे. त्या दिवशीचीही, आणि पूर्वीचीही."

तो वरूनच म्हणाला, "काका, कंदील सरळ आहे का बघा. मला इथून कळत नाही."