शीत, भात आणि माणूस

शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण आपल्या घरोघरी आहे. शास्त्रात हिलाच स्थालीपुलाकन्याय म्हणतात. चुलीवर हंडा चढलेला असतो. स्वयंपाकी एक शीत काढतो, बोटांत दाबून पाहतो आणि हंडा उतरवतो. प्रत्येक शीत दाबून पाहीन म्हणेल तर पंगत उपाशी उठेल. एकावरून अनेकांचा निर्णय करणे, थोडे पाहून सगळ्यांविषयी नियम बांधणे, ही बुद्धीची रोजची चाल आहे. ती कुठवर चालू द्यावी आणि कुठे आवरावी, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे.

प्रथम तिचे उपकार मान्य करू. नियमावाचून माणसाचा एक दिवस निभायचा नाही. पश्चिमेला आभाळ काळे झाले की दिंडीतली मंडळी कागद-घोंगडी सोडतात. प्रत्येक ढगाची वेगळी चौकशी करीत नाहीत. विस्तवाने हात भाजतो, हे लेकराला एकदा कळले की पुरते. चार्वाकांनी मात्र इथेच हरकत घेतली. धूर असेल तिथे अग्नी असतोच, हे तुम्ही कशावरून म्हणता? जगातले सगळे धूर पाहिलेत का? प्रश्न काही पोरकट नाही. मिथिलेचे गंगेश उपाध्याय यांनी आपल्या तत्त्वचिंतामणि ग्रंथात त्याला मोठे मार्मिक उत्तर दिले आहे. त्याचा आशय असा, की असा संशय घेणाराही भूक लागली की अन्नाकडेच वळतो आणि धूर हवा असला की विस्तवच पेटवतो. म्हणजे संशय त्याच्या जिभेवर आहे, वागण्यात नाही. तेव्हा नियम बांधूच नयेत, असे म्हणण्यात अर्थ नाही.

पण मंडळी, त्याच न्यायशास्त्राने पुढची पायरीही सांगितली आहे आणि ती आपण सोडून देतो. धूर तिथे अग्नी, हे खरे. मग अग्नी तिथे धूर, हेही खरे का? लोहाराच्या भट्टीतून काढलेला लोखंडाचा लाल गोळा बघा. त्यात अग्नी आहे, पण धूर कुठे आहे? मग चुलीतून धूर का येतो? सरपण ओले असते म्हणून. धुराचे खरे कारण अग्नी एवढेच नव्हे, तर त्याला लागलेले ओले लाकूड. या लपलेल्या कारणाला शास्त्रकार उपाधी म्हणतात. नियम बांधणाऱ्याने उपाधी शोधलीच पाहिजे, नाही तर तो ओल्या सरपणाचा दोष अग्नीच्या माथी मारील.

याचे उदाहरण आपल्या वारीतच आहे. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेत पटकी वरचेवर येई. कोणी म्हणत, मरीआईचा कोप झाला. कोणी म्हणत, यात्रा तिथे पटकी, तेव्हा यात्राच वाईट. दोघांनीही पाहिले ते खोटे नव्हते. यात्रा भरे आणि माणसे मरत. पण पटकी घाण मिसळलेल्या पाण्यातून पसरते, हे लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ साली दाखवले आणि पुढे १८८३-८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी तिचे जंतू ओळखून काढले. ओले सरपण सापडले! दोष वारीचा नव्हता, पाण्याचा होता. आज त्याच वाटेने त्याहून कितीतरी मोठा समाज चालतो. पाणी राखले की वारी आणि पटकी यांची गाठ सुटते. उपाधी न शोधता नियम केला असता तर रोगाबरोबर वारीही गेली असती.

आता माणसांकडे वळू, कारण खरा धोका तिथे आहे. हंड्यातली शिते एका पोत्यातली, एका पाण्यातली, एका आचेवरची असतात. म्हणून एक शीत सगळ्यांची साक्ष देते. माणसे अशी एका हंड्यात शिजलेली नसतात. तरी आपण काय करतो? मुक्कामावर एखाद्याचा तांब्या हरवतो. अजून कोणी काही पाहिलेले नसते, पण नजर जाते ती कडेला पाल ठोकून बसलेल्या गरिबाकडे. 'ही जातच तसली!' झाला निवाडा. ना साक्ष, ना पुरावा.

हा निवाडा नुसता तोंडचा राहिला असता तरी वाईटच होता. इंग्रज सरकारने १८७१ साली त्याचा कायदा केला. त्या कायद्याखाली कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. पाळण्यातले मूलसुद्धा चोर! पंढरीच्या शेजारी सोलापुरास अशा लोकांची वसाहत होती, तारेच्या कुंपणातली. त्यांच्यात कोणी चोरी केलीच नसेल, असे आम्ही म्हणत नाही. पण भूक, भटकंती, हातचा धंदा जाणे, ही ओली सरपणे कोणी मोजली? १९५२ साली तो कायदा देशभर रद्द झाला. मनातला कायदा रद्द झाला की नाही, ते ज्याने त्याने आपल्या तांब्याच्या वेळी तपासावे.

आणखी एक चलाखी मन करते, ती फार सूक्ष्म आहे, बरं का. न्यायशास्त्रात एक उलटे उदाहरण सापडले की नियम मोडतो; त्याला व्यभिचार म्हणतात. अमक्या कुळात ज्ञान-भक्ती असायची नाही, असा नियम कोणी केला, तर मंगळवेढ्याचे चोखोबा एकटे तो मोडायला पुरेसे आहेत. मग सावता माळी, गोरोबा कुंभार, सेना न्हावी, जनाबाई, कान्होपात्रा, किती नावे घ्यावी? पण लोकांनी काय केले? नियम मोडला नाही. चोखोबांना अपवाद म्हटले. महाद्वारापुढे त्यांची समाधी, तिच्यावर आपण फुले वाहिली. आणि त्यांच्याच भाऊबंदांना शतकानुशतके मंदिराबाहेर उभे केले. अपवादाचा गौरव करून नियम जिवंत ठेवला. तो दरवाजा उघडावा म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. एका संताला अपवाद म्हणणे, हा त्याचा सन्मान नव्हे. त्याने दिलेली साक्ष फेटाळण्याची ती सभ्य रीत आहे.

उलट बाजूचा मोहही ओळखावा. गळ्यात माळ दिसली की माणूस साधूच, हाही शितावरून केलेला भात आहे. गर्दीत खिसा कापणारासुद्धा माळ घालू शकतो. आणि असा एक पकडला गेला की तेच लोक म्हणतात, 'माळकरी सगळे ढोंगी!' काल सगळे साधू, आज सगळे चोर. दोन्ही वेळा समोरच्या माणसाकडे पाहण्याचे श्रम मात्र वाचवले.

इथे कोणी चतुर श्रोता विचारील, 'महाराज, सर्वांभूती विठ्ठल, हा तुमचा सिद्धांत तरी काय आहे? सगळ्यांत मोठा सरसकट नियम तोच!' प्रश्न चांगला आहे. पण फरक बघा. दहा माणसे पाहून अकरावा कसा असेल, असे अनुमान त्यात नाही. समोरचा चोरी करील की नाही, हे तो सिद्धांत सांगतच नाही. मी त्याच्यापुढे कसे उभे राहावे, एवढे तो सांगतो. अनुमान दुसऱ्याविषयी असते. हा विधी आपल्याविषयी आहे. म्हणून वारीत आपण नाव-गाव विचारण्याआधी एकमेकांच्या पाया पडतो. आधी नमस्कार, मग ओळख. निवाडा करायला घाईने उठलेले मन तेवढ्यात खाली वाकते.

मग व्यवहारात काय करावे? भोळेपणा करा, असे आमचे सांगणे नाही. गाठोडे उशाशी घेऊन निजावे. पण ती सावधगिरी सगळ्यांसाठी सारखी असावी, एकासाठीच नको. तोंडातून 'हे लोक असेच' असे निघू लागले की मनाला तीन गोष्टी विचाराव्या. किती शिते पाहिली? ती एकाच हंड्यातली होती का? आणि यात ओले सरपण कोणते? इतके विचारूनही नियम टिकला, तर तो सावध राहण्यापुरता वापरावा, शिक्षा देण्यासाठी नव्हे. शिक्षा द्यायची तर त्या एका माणसाचे ते एक कर्म डोळ्यांनी पाहिलेले असावे.

आपण नित्य दर्शनाला जातो ते पाहण्यासाठीच. विटेवरचे रूप आणि वाटेवरचा माणूस, दोघांनाही नीट पाहू या. रामकृष्णहरी!